न वाचलेली चार पाने

चटईवर मांडी घालून बसलेल्या त्या आठ वर्षांच्या मुलीच्या पुढ्यात जे पान उघडे होते, ते अलकनंदाबाईंनी आयुष्यात कधी पाहिलेले नव्हते. आणि पुस्तिका मात्र तीच होती, जिला त्यांनी शुक्रवारी दुपारी दहापैकी तीन गुण देऊन निकालात काढले होते. खुर्चीत बसल्या बसल्या त्यांनी चष्मा काढला, पदराने पुसला, पुन्हा चढवला. पान बदलले नाही. राखाडी चिखल, चिखलात सायकलच्या चाकाची एक लांबलचक वळणदार रेघ, आणि त्या रेघेच्या कडेकडेने उमटलेली लहान, अनवाणी पावले. अक्षर एकही नाही. मुलीचे बोट त्या रेघेवरून मुंगीच्या चालीने पुढे सरकत होते, मध्येच मागे येत होते, पुन्हा निघत होते. तिच्या आजूबाजूला तीसएक मुलांचा गलका चालला होता, पंखे घरघरत होते, दाराबाहेर पाण्याचा टँकर भोंगा वाजवीत मागे येत होता. पण मुलगी त्या चिखलात उतरली होती आणि तिला तिथून बाहेर काढण्याचे सामर्थ्य टँकरातही नव्हते. अलकनंदाबाईंच्या छातीत काहीतरी बारीकसे हलले. घरात जिना उतरताना एक पायरी अधिक आहे असे समजून पाय टाकावा आणि तो जमिनीवर आदळावा, तसे.

चेन्नईतल्या त्या मराठी मंडळाच्या हॉलमध्ये आज रविवारी सकाळी जे काही चालले होते, त्याची सूत्रे वास्तविक अलकनंदाबाईंच्याच हाती होती. गिंडीच्या औद्योगिक वसाहतीत, एका लेथ कारखान्याच्या माथ्यावरच्या दोन खोल्यांत, रम्या नावाची एक तमिळ बाई चित्रकथांची छोटी प्रकाशनसंस्था चालवीत असे. टेबलावरचा रंगाचा पेला खालच्या यंत्रांच्या धडधडीने थरथरतो, अशी ती जागा. तिची रीत अशी की, नव्या मालिकेचा पहिला अंक फुकट वाटायचा. ज्याने असे काही कधी हाती धरलेले नाही, त्याच्या हाती तो पडावा, त्याने उघडावा, आणि पुढचा अंक मागत यावे, एवढ्यासाठीच तो काढायचा. तमिळमध्ये तिने असे दोनदा केले होते. आता तिला चेन्नईतल्या मराठी मुलांसाठी एक मालिका काढायची होती. तीन नमुने तयार झाले. पुढे जाणार होता एकच. मंडळाचे कार्यवाह सुधींद्र यांनी हॉल दिला, मुले जमवून दिली, आणि अट घातली ती एवढीच की, निवड अलकनंदाबाईंनी करावी. "मुलांचं काय घेऊन बसलात," ते रम्याला म्हणाले होते, "त्यांना आज हे आवडेल, उद्या ते. आमच्या बाईंनी एकेचाळीस वर्षं इथलं वाचनालय चालवलंय. त्या म्हणतील ती पूर्वदिशा." त्या पूर्वदिशेचा कागद आता बंद पाकिटात रम्याच्या टेबलावर पडला होता. बारा वाजता तो उघडायचा होता. मुलांपुढे पुस्तिका टाकल्या होत्या त्या केवळ सणाला तोरण हवे म्हणून.

तीन गुण मिळालेली पुस्तिका ऊर्मीची होती. ऊर्मी म्हणजे अलकनंदाबाईंची नात, त्यांच्या मुलाची, मकरंदची, एकुलती एक मुलगी, वय वर्षे सव्वीस. रम्याकडे चार वर्षे चित्रे काढीत असलेली. आपल्या घरच्या माणसाला एक गुणही अधिक द्यायचा नाही, हे अलकनंदाबाईंनी पुस्तिका उघडण्यापूर्वीच ठरवले होते, आणि दिलेले गुण लपवायचे नाहीत, हेही. म्हणून आज तांबरमहून गाडीने येताना त्यांनी ते सांगूनच टाकले होते.

"तीन," त्या म्हणाल्या होत्या.

"दहापैकी?" ऊर्मीने विचारले होते.

"शंभरांपैकी दिले असते तर तुझा अपमान झाला असता."

गाडी चालवणारा मकरंद हसला होता. "आई, थोडी तरी दया."

"दया देवळात मागावी. अगं, कथेला आरंभच नाही. पहिलंच वाक्य काय, तर 'आता काय करायचं?' कुणी काय करायचं? ही मुलगी कोण, कुठली, तिच्यावर काय प्रसंग ओढवलाय? वाचणाऱ्याला दाराशी उभं करून तू आत निघून गेलीस. नव्या माणसाला हात धरून आत न्यावं लागतं, ऊर्मी."

ऊर्मीने खिडकीबाहेरची नजर काढून आजीकडे पाहिले होते. तोंड उघडले होते, मिटले होते. "बरं, आजी," एवढेच ती म्हणाली होती. त्या 'बरं'मध्ये राग नव्हता, रडू नव्हते. दुकानातून मापाची नसलेली वस्तू परत ठेवताना माणूस म्हणतो, तसे ते होते. तिला बंगळूरच्या एका जाहिरातपटांच्या कंपनीकडून बोलावणे आलेले होते, उद्या सोमवारी उत्तर कळवायचे होते, आणि तिथल्या करारात दोन वर्षे ती जी रेघ ओढील ती कंपनीची, असे कलम होते, हे अलकनंदाबाईंना ठाऊक होते. पुस्तिका निवडली गेली तर ऊर्मी राहणार होती. नाही तर जाणार होती. हे ठाऊक असूनही आपण तीन दिले, याचा त्यांना गाडीत, सैदापेटचा पूल ओलांडताना, एक प्रकारचा कडक आनंदसुद्धा झाला होता. न्याय करणाऱ्या माणसाला होतो तसा.

आता ती चिखलाची रेघ त्या आनंदावरून फिरत होती.

त्या उठल्या. गुडघ्यांनी नेहमीची तक्रार केली, तिच्याकडे त्यांनी नेहमीप्रमाणे दुर्लक्ष केले, आणि मुलीच्या बाजूला ठेवलेल्या बुटक्या बाकावर त्या बसल्या. मुलीचे नाव रेवा. आईबाप दोघेही ओल्ड महाबलिपुरम रस्त्यावरच्या कुठल्याशा संगणक कंपनीत. पाच वर्षांपूर्वी नाशिकहून आलेले.

"काय बघतेस गं एवढं?"

रेवाने मान वर केली नाही. "सायकल शोधते, पाट्टी." इथल्या सगळ्याच मुलांच्या तोंडी आजीला हाच तमिळ शब्द होता; अलकनंदाबाईंनी तो दुरुस्त करणे दहा वर्षांपूर्वी सोडून दिले होते.

"सापडली?"

"नाही ना. हिची सायकल कुणीतरी नेली. ही उठली, तर नाही. मग ही रेघ बघत बघत गेली. इकडून, इकडून, त्या बोटीच्या मागून..." बोट पानाच्या कडेपर्यंत गेले, पान उलटले, आणि चौथ्या पानावर, जिथे चिखल संपून खाडीचे काळसर पाणी सुरू होत होते, तिथे थांबले. "आणि मग स्ट्रेटा, सरळ पाण्यात!"

"पाण्यात?"

"बघा ना. रेघ पाण्यात गेली. सायकल कशी जाईल पाण्यात?"

"तुला मराठी वाचता येतं?"

"बोलता येतं. वाचायला नाही. शाळेत तमिळ, इंग्लिश, हिंदी."

"मग हे सगळं तुला कसं कळलं?"

रेवाने आता प्रथमच वर पाहिले. त्या नजरेत उर्मटपणा नव्हता. होती ती एक प्रकारची कीव. "बघितलं," ती म्हणाली, आणि पुन्हा पाण्याकडे वळली.

शुक्रवारची दुपार अलकनंदाबाईंना स्वच्छ आठवत होती. तांबरमच्या घराची गॅलरी, हवाई दलाच्या तळावरून उठलेले शिकाऊ विमान आकाशात तेच तेच वर्तुळ घालीत असलेले, मांडीवर पाट, पाटावर तीन पुस्तिका, हाती टोक काढलेली पेन्सिल. त्यांनी तिन्ही पुस्तिका पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचल्या होत्या. पहिल्या अक्षरापासून! हेच ते. एकेचाळीस वर्षे वाचनालयात नवे पुस्तक हाती आले की त्या अंगठा ओलावून सुरुवातीची पाने एका झटक्यात उलटीत: कोरे पान, शीर्षकाचे पान, अर्पण, एखादे सजावटीचे चित्र. आणि जिथे मजकूर सुरू होतो तिथे मंडळाचा जांभळा शिक्का मारीत. तिथून पुस्तक मोजायचे. दुसरा शिक्का सतराव्या पानावर, चोराला माहीत नसावा म्हणून. हजारो पुस्तके त्यांनी अशी दाखल करून घेतली होती, आणि शुक्रवारी तो अंगठा त्यांना न विचारता ओला झाला होता, न विचारता त्याने चार पाने उलटली होती. डोळ्यांना रंग दिसले असतील. नाही असे नाही. काहीतरी करडे, काहीतरी निळे. पण त्यात अक्षर नव्हते, आणि ज्यात अक्षर नाही ते त्यांच्या लेखी अजून पुस्तक नव्हते. दारापुढची रांगोळी होती. 'आता काय करायचं?' हा बोलण्याचा पहिला फुगा आला तिथे त्यांनी पेन्सिल टेकवली आणि परीक्षेला आरंभ केला. परीक्षापत्रकात 'एकूण पृष्ठे' या रकान्यात त्यांनी 'वीस' असे ठसठशीत लिहिलेही होते. पुस्तिका चोवीस पानांची होती.

हात धरून आत न्यावं लागतं, असे त्या म्हणाल्या होत्या. ऊर्मीने हात धरलाच होता. चार पाने तिने तो पुढे केलेला होता. ज्यांना मराठी बोलता येते पण वाचता येत नाही, अशांसाठीच. आणि आजी त्या हातावर पाय देऊन आत गेली होती आणि आत जाऊन ओरडली होती की, मला कुणी आत बोलावले नाही.

"बाई, कापी घ्या. ऊन आहे तंवर घ्या." राघोत्तम कॉफीचा पितळेचा पेला आणि वाटी घेऊन उभे होते. ते तंजावूरकडच्या जुन्या मराठी घराण्यातले; दहा पिढ्या इकडे गेलेल्या; मंडळाच्या हॉलची किल्ली गेली तीस वर्षे त्यांच्या कमरेला. त्यांचे मराठी कानाला जुन्या बखरीसारखे लागे आणि मध्येच तमिळचा सूर घेई. "मजला एक सांगा बाई. त्या राजाच्या पुस्तकास तुम्ही किती गुण दिले?"

"ते बारा वाजता कळेल."

"बरं बरं. लेकरं त्याने वारा घेतात, म्हणून विचारलं."

खरेच घेत होती. अलकनंदाबाईंनी सर्वाधिक, नऊ गुण दिलेली ती राजाची पुस्तिका हॉलभर पंख्यासारखी हलत होती. तिच्या पहिल्या तीन पानांत एक टोपीवाले गृहस्थ 'नमस्कार बालमित्रांनो' असे म्हणून राजाची वंशावळ सांगत होते. शुक्रवारी अलकनंदाबाईंना ते फार नेटके वाटले होते. आज त्यांनी पाहिले, मुले ती उघडीत, गृहस्थांना भेटत, आणि भेट आटोपून पुस्तिका मिटवीत. तिसऱ्या पुस्तिकेच्या मुखपृष्ठावर यंत्रमानवांची एक पलटणच होती. मुले तिच्यावर तुटून पडली होती, परंतु सात वीरांपैकी कोण कोणाचा शत्रू, हे विचारायला ती एकमेकांकडे वळत होती, आणि लढाई ऐन रंगात येते तिथे जाहिरातींची पाने लागून ती फसवल्यासारखी शेवटचे पान चाळीत होती. हे सारे डोळ्यांपुढे, दहा पावलांवर घडत होते. ते पाहायला परीक्षक लागत नव्हता. खरे तर परीक्षकालाच ते दिसले नव्हते. ज्याने दहा हजार पुस्तके वाचली, त्याला पहिले पुस्तक हाती धरणाऱ्याचे मन कसे ओळखता येणार? पोहणाऱ्याने पाण्याची भीती मोजायला बसावे, तसे ते.

हॉलच्या दुसऱ्या टोकाला, खांबाशी टेकून, मकरंद फोनवर काहीतरी वाचत होता. बावन्न वर्षांचा, कानशिलावर पांढरा; उभे राहण्याची लकब बापाची, कृष्णकांतांची. रेल्वेच्या सिग्नल विभागात बदली होऊन कृष्णकांत मद्रासला आले तेव्हा अलकनंदाबाई बावीस वर्षांच्या होत्या, आणि ओल्या कापडासारख्या त्या हवेत आपली भाषा बुरसटू नये म्हणून त्यांनी दोन कपाटांचे वाचनालय उघडले होते. मकरंद वाचत होता ते इंग्रजीत असणार, किंवा तमिळमध्ये. मराठी तो वाचीत नसे. घरात बोले, भांडे, विनोद करी, सारे मराठीत. पण छापील मराठी पान पुढे आले की त्याची नजर त्यावरून अशी घसरे, जसे त्यावर तेल सांडलेले आहे. कृष्णकांत गेले तेव्हा पुण्या-सांगलीहून सांत्वनाची पत्रे आली. ती त्याने एकामागून एक आईच्या हाती दिली होती, न उघडता. मद्रासची हवा, दुसरे काय, असे अलकनंदाबाई लोकांना सांगत. इतकी वर्षे सांगत आल्या होत्या, आणि आज, त्या बुटक्या बाकावर, कॉफीचा पेला हाती निवत असताना, त्यांना ते वाक्य पहिल्यांदाच दुसऱ्या कुणाच्या तोंडचे वाटले.

कारण आता आठवलेली ती सकाळही रविवारचीच होती. मकरंद नऊ वर्षांचा. याच हॉलमध्ये भरणाऱ्या वाचनालयाचा नियम त्यांनीच घातलेला: आधीचे पुस्तक उभे राहून, क्रमवार सांगितल्याखेरीज पुढचे मिळायचे नाही, पोटच्या मुलालाही नाही. रांगेत दहाबारा मुले. मकरंद पुढे आला, राजा आणि प्रधानाच्या गोष्टीचे पुस्तक काउंटरवर ठेवले, आणि डोळे चमकवीत सांगू लागला, "एक चवरी ढाळणारा मुलगा होता. त्याच्या अंगरख्यात मांजराचं पिल्लू होतं..." त्यांनी तिथेच तोडले. मांजर? कुठलं मांजर? कोणत्या पानावर लिहिलंय, दाखव. त्याने पान उघडले आणि सिंहासनामागच्या गर्दीत, चित्राच्या अगदी कोपऱ्यात, बोट ठेवले. तिथे एक मुलगा होता खरा, आणि त्याच्या अंगरख्यातून दोन कान बाहेर आलेले होते. मजकुरात त्याचा उल्लेख कुठेच नव्हता. "चित्रं बघणं म्हणजे वाचणं नव्हे," अलकनंदाबाई सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या होत्या, कारण तो सगळ्यांसाठीच धडा होता. "घरी जा. नीट वाचून ये." रांग हसली होती. मकरंदने बोट उचलले होते, पुस्तक मिटले होते, ते काउंटरच्या कडेला समांतर, अगदी नेटके ठेवले होते. तो नीट वाचून आला नाही. पुढच्या रविवारीही नाही. त्यांना वाटले, येईल. हट्टी आहे, माझ्यावरच गेलाय. आणि मग वर्षे एकावर एक अशी बसत गेली की, वाट पाहणे संपले केव्हा, हेच कळले नाही. मग ऊर्मी झाली. ती पेन्सिल धरण्याआधी रेघ ओढू लागली, आणि पंधराव्या वर्षी आपण होऊन आजीकडे येऊन म्हणाली की, मला ही अक्षरं शिकव, मला ती काढायचीत. काढायची आहेत, असे ती म्हणाली होती. वाचायची आहेत, असे नव्हे. तेव्हा अलकनंदाबाईंनी त्या शब्दावर हसून तो सोडून दिला होता.

त्यांनी घड्याळ पाहिले. बाराला वीस मिनिटे. गप्प बसणे सोपे होते. पाकीट उघडेल, नऊ गुणांचा राजा जिंकेल, टाळ्या होतील, राघोत्तम पेले गोळा करतील. कुणालाही कळणार नाही. शिवाय गप्प बसण्याच्या बाजूने सांगण्यासारखेही पुष्कळ होते. त्यांच्यासारखी जुनी वाचणारी बाई जी चार पाने ओलांडून गेली, ती आणखीही कुणी ओलांडील. दोष पुस्तकाचाही नाही का? आणि गुण वाढवले तर? सबंध मंडळ म्हणेल, बाईंनी अखेर नातीसाठी पारडे झुकवले. एकेचाळीस वर्षांत ज्या बाईने दिलेला शब्द फिरवला नाही, तिने तो फिरवला तो घरच्या माणसासाठी! हे म्हणणाऱ्यांचे चेहरेसुद्धा त्यांना दिसले, नावानिशी. निकाल बदलायचा तर त्यासोबत अब्रूचा एक मोठा लचका काढून द्यावा लागणार होता, आणि तो त्यांना स्वतःच्या हाताने तोडावा लागणार होता.

"पाट्टी, सरका ना," रेवा म्हणाली. "उजेड अडतो."

अलकनंदाबाई सरकल्या, आणि सरकल्याच आहोत तर उभेच राहू, अशा बेताने उभ्या राहिल्या, आणि तशाच चालत रम्याच्या टेबलापाशी गेल्या.

"सुधींद्र, माझा कागद मला परत हवा."

कार्यवाह लगबगीने पुढे आले. "काही राहिलं का, बाई?"

"राहिलं. चार पानं राहिली."

सुधींद्रांना अर्थबोध झाला नाही, पण टेबलापलीकडे उभ्या असलेल्या ऊर्मीकडे त्यांची नजर गेली आणि ओठांवर एक समजूतदार हसू उमटले. "नाही म्हणजे, वाढवायचे असतील तर वाढवा की गुण. आपलीच मुलगी आहे. कोण विचारतंय?"

ते हसू अलकनंदाबाईंना हवेच होते. त्याने त्यांच्या पाठीचा कणा सरळ केला. "माइक द्या," त्या म्हणाल्या.

माइक आधी किंचाळला, मग गप्प झाला. मोठी माणसे वळली. "मी या तीन पुस्तिकांची परीक्षा केली," अलकनंदाबाई म्हणाल्या. "त्यांतल्या एकीची पहिली चार पानं मी वाचली नाहीत. त्यांत अक्षरं नव्हती, म्हणून ती मला पानंच वाटली नाहीत. आणि वर लिहून दिलं की, कथेला आरंभ नाही. ती पुस्तिका माझ्या नातीची आहे. मीच सांगते, म्हणजे तुम्हांला कुजबुजण्याचे कष्ट नकोत. दिलेले गुण मी मागे घेते आहे. चित्र बघणं म्हणजे वाचणं नव्हे, असं याच हॉलमध्ये मी एकदा म्हणाले होते. तेही मागे घेते."

मोठी माणसे एकमेकांकडे पाहू लागली. मुलांपैकी एकाही मुलाने मान वर केली नाही. यंत्रमानवांवरून दोघांची झोंबाझोंबी चालली होती. खांबाशी उभ्या असलेल्या मकरंदने फोन खाली केला होता आणि तो त्यांच्याकडे पाहत होता.

रम्या तमिळमध्ये म्हणाली, "अम्मा, पाकीट बंद करताना मला दिसलं, तुम्ही पानं वीस लिहिली होतीत. मी दोनदा मोजली."

"मग बोलली का नाहीस?" अलकनंदाबाईंचे तमिळ बाजारातले होते, पण जरब कोणत्याही भाषेत तीच.

"परीक्षक तुम्ही. मी कोण बोलणार?"

"आणि तू गं?" त्या ऊर्मीकडे वळल्या. "तुला तर गाडीतच कळलं होतं. तोंड उघडून मिटलंस ते मी पाहिलं."

"कळलं होतं."

"मग?"

ऊर्मीने खांदे उडवले, आणि त्या उडवण्यात ती अचानक दहा वर्षांची दिसली. "आजी, तुला मी गाडीत सांगू शकले असते. पण ज्याच्या हातात हे पुस्तक फुकट पडेल, त्याच्या शेजारी मी थोडीच बसलेली असणार? पुस्तकानंच त्याला थांबवायला हवं. तुला नाही थांबवलं. म्हटलं, तीन बरोबरच असतील."

"तीन बरोबर नाहीत. पण म्हणून दहा मिळतील या भ्रमात राहू नकोस. आधी मला वाचू दे. आण एक इकडे."

मकरंद खुर्ची घेऊन आलेला होता. त्यांनी बसायचे आणि त्याने परत जायचे, एवढाच तो मामला होता. पण त्यांनी त्याच्या मनगटावर हात ठेवला. इतक्या वर्षांत त्यांनी त्याला पुष्कळ प्रश्न विचारले होते: जेवलास का, पगार वाढला का, गोळ्या घेतल्यास का. हा प्रश्न कधी विचारला नव्हता.

"मकरंद. त्या पोरानं ते पिल्लू कुठं नेलं होतं रे?"

कुठले पोर, कुठले पिल्लू, असे त्याने विचारले नाही. "मुदपाकखान्यात," तो म्हणाला. "राजाच्या. मागच्या दारानं. तिथं त्याची आई भांडी घासायची."

"पुस्तकात होतं ते?"

"नाही. पण मला माहीत होतं."

"हं," अलकनंदाबाई म्हणाल्या. त्यांना आणखीही काही म्हणायचे होते, परंतु ते माइकवरून म्हणण्याइतके सोपे नव्हते. मकरंद परत खांबाकडे गेला नाही. तो त्यांच्या खुर्चीमागेच उभा राहिला.

त्यांनी पुस्तिका उघडली. अंगठा सवयीने ओठांकडे निघाला होता. त्यांनी तो मुठीत आवळून धरला. पहिले पान. एक झोपडी, छपरावर जाळे वाळत घातलेले, दूर एन्नोरच्या वीजकेंद्राची धुराडी, आणि झोपडीच्या भिंतीला टेकून कोणीतरी उभे असल्यासारखी एक रिकामी जागा. रिकामी जागा कशी काढतात? पण होती. भिंतीवर हँडलच्या मुठीच्या उंचीवर रंग घासला गेलेला, खाली सुकलेल्या जमिनीवर चाकाचा दाब: इथे रोज सायकल असते. कथेतली मुलगी, तुळजा, दारात उभी. डोळ्यांत अजून झोप. अलकनंदाबाईंना वाटले, समजले, आता पुढे जावे. मग रेवाचे ते मुंगीच्या चालीचे बोट त्यांना आठवले आणि त्या थांबल्या. थांबल्यावर दिसू लागले. धुराड्यांची राख मुलीच्या पायरीवरही पडलेली होती, आणि त्या राखेत एक पाऊल होते, जे मुलीचे नव्हते. मोठे होते. दुसऱ्या पानावर ते पाऊल नाहीसे झालेले. तिसऱ्यावर, उलट्या पडलेल्या होडीच्या सावलीत, पुन्हा एकदा अर्धे. रेवाला हे दिसले होते का? नसावे! आपल्याला दिसले! हे मनात येताच अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या त्या बाईच्या गालांवर ऊब चढली, आणि तिची लाजही वाटली नाही. राखेचा वास आल्यासारखा झाला. फार पूर्वी, लग्नानंतर पहिल्याच वर्षी, कृष्णकांत त्यांना एन्नोरची खाडी दाखवायला घेऊन गेले होते. तेव्हा त्यांना तमिळ येत नव्हते, दुकानांवरच्या पाट्या म्हणजे नुसती वेटोळी होती, आणि त्यांनी ते सबंध शहर असेच वाचले होते: चेहऱ्यांवरून, हातवाऱ्यांवरून, कोण कुणाच्या मागे चालते त्यावरून. ते वाचन त्यांनी कुठल्याच वहीत धरले नव्हते. चौथे पान. पाणी. रेघ सरळ पाण्यात शिरलेली, आणि काठावर उभी तुळजा, पाठमोरी, एवढीशी. पुढचे पान उलटले आणि मग तो फुगा आला, 'आता काय करायचं?', आणि शुक्रवारी ज्या वाक्याला त्यांनी पेन्सिलीने फुली मारली होती, ते आता त्यांनी स्वतःशीच पुटपुटले. खरेच की. आता काय करायचं?

त्यांनी उरलेली वीस पाने वाचली. वाचलेलीच होती, तरी आज ती दुसरीच होती. बारा वाजून गेले. सुधींद्र एकदा खाकरले. राघोत्तमांनी त्यांना डोळ्यांनीच बाजूला घेतले. शेवटच्या पानावर तुळजा होडीतून पैलतीराला लागत होती, आणि तिथल्या ओल्या वाळूत सायकलची रेघ पाण्याबाहेर निघून बाभळींच्या दिशेने गेलेली होती. तिच्या बाजूला ते मोठे पाऊल. अलकनंदाबाईंनी पान उलटले. मागे कोरे मलपृष्ठ होते. त्यांनी ते पुन्हा उलटून पाहिले, मधली पाने चिकटली तर नाहीत ना, हे नखाने चाचपले.

"संपलं?"

"हो आजी."

"सायकल नेली कुणी?"

"ते दुसऱ्या अंकात आहे."

"मी अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे, ऊर्मी. दुसरा अंक कधी निघणार?"

ऊर्मीने टेबलावरच्या पाकिटाकडे पाहिले, मग आजीकडे. तिच्या ओठांच्या कोपऱ्यात, सकाळपासून पहिल्यांदाच, काहीतरी हलले. "निघणार की नाही, ते तुझ्या कागदावर आहे."

"मग बघत काय राहिलीस?" अलकनंदाबाई म्हणाल्या. "पेन दे."